पंक्तिभेदापलीकडचे भोजन

ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी एक जेवण आहे. जेवण म्हणायचे, पण पोट भरावे असे त्यात काही नाही. भाकरीचा एक तुकडा, द्राक्षारसाचा एक घोट, आणि हे घेताना केलेली येशू ख्रिस्ताच्या मरणाची आठवण. एवढ्याशा घासासाठी माणसांनी काय काय सोसले! रोमन साम्राज्यात या जेवणावरून ख्रिस्ती लोकांवर नरमांस खाण्याचा आळ आला. पंधराव्या शतकात बोहेमियात सामान्य माणसालाही प्याला मिळावा म्हणून लढाया झाल्या. सोळाव्या शतकात युरोपातले सुधारक आधी पोपपासून वेगळे झाले आणि मग याच घासाच्या अर्थावरून एकमेकांपासूनही दुरावले. आपल्या महाराष्ट्रात तर कोण कोणाच्या हातचे खातो यावर माणसाची समाजातली जागा ठरत असे. इथे या घासाने काही घरे मोडली आणि काही नव्याने उभी केली.

प्रॉटेस्टंट मंडळ्या या विधीला प्रभुभोजन किंवा पवित्र सहभागिता म्हणतात. कॅथलिकांच्या मिस्सेचा हा कळस असतो. मराठीत यावर उपदेश पुष्कळ झाले आणि विधीच्या पुस्तिकाही निघाल्या. पण ख्रिस्तेतर वाचकाला समजेल आणि ख्रिस्ती वाचकाला विचार करायला लावील असे सलग लेखन कमी आहे. ती उणीव काही अंशी भरून काढावी, हा या पुस्तकाचा हेतू. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. प्रभुभोजन समजून घ्यायचे तर भाकरीचे काय होते या प्रश्नाच्याही आधी एक प्रश्न विचारावा लागतो: या मेजाशी कोण बसले आहे, आणि कोणाला बाहेर ठेवले आहे?

शुभवर्तमाने वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. येशूवर त्याच्या विरोधकांचा राग होता तो बराचसा त्याच्या जेवणांमुळे. जकातदार आणि समाजाने पापी ठरवलेली माणसे यांच्या पंक्तीला तो बसतो, ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. जकातदार म्हणजे रोमन सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून कर वसूल करणारा, म्हणून सगळ्यांच्या तिरस्काराचा धनी. अशा माणसाच्या घरी जेवणे म्हणजे त्याला आपला म्हणणे. यरुशलेमातले शेवटचे भोजन हे या जेवणांच्या मालिकेतले शेवटचे जेवण होते. ते वल्हांडण सणाच्या दिवसांतले. मिसरातल्या गुलामगिरीतून आपले पूर्वज सुटले त्याची आठवण यहुदी लोक या सणात करतात आणि बेखमीर भाकर खातात. त्या रात्री येशूने भाकर घेतली, आभार मानले, मोडली आणि शिष्यांना दिली. हे आपले शरीर आहे असे तो म्हणाला. मग प्याला दिला आणि तो आपल्या रक्ताने होणारा नवा करार आहे असे सांगितले. घेतली, आभार मानले, मोडली, दिली: या चार क्रिया आजही जगभरच्या बहुतेक वेद्यांवर त्याच क्रमाने होतात.

त्या मेजाशी कोण होते हे नीट पाहण्यासारखे आहे. लूकच्या वृत्तान्तात प्याला फिरल्यानंतरही येशू म्हणतो की आपल्याला धरून देणाऱ्याचा हात याच मेजावर आहे. काही तासांतच आपण याला ओळखत नाही असे सांगणारा पेत्र तिथेच होता. आपल्यात थोर कोण यावर शिष्यांचा वादही त्याच बैठकीत झाला. योहानाच्या शुभवर्तमानात भाकर आणि प्याल्याचा प्रसंग नाहीच. त्या जागी येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. म्हणजे पहिल्या प्रभुभोजनाची पंगत लायक माणसांची नव्हती. विश्वासघातकी, भित्रे आणि मानापमानात अडकलेले असे ते लोक होते, आणि भाकर सगळ्यांना मिळाली.

या भोजनाचा सर्वांत जुना लेखी वृत्तान्त मात्र शुभवर्तमानात सापडत नाही. तो आहे पौलाने करिंथ इथल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात. हे पत्र साधारण इ.स. ५३ ते ५५च्या सुमाराचे, म्हणजे मार्काच्या शुभवर्तमानाहून पंधरा-वीस वर्षे आधीचे. आणि हा वृत्तान्त येतो कशाच्या ओघात? रागावून केलेल्या कानउघाडणीच्या. करिंथ हे बंदराच्या व्यापारावर वाढलेले शहर. तिथल्या मंडळीत पैसेवाले होते, गुलाम होते, हातावर पोट असणारे होते. त्या काळी प्रभुभोजन खऱ्याखुऱ्या जेवणाबरोबरच होत असे आणि मंडळी कोणा सधन माणसाच्या घरी जमे. ज्यांना सवड होती ते लवकर येत, आपले आणलेले आपणच खात, पीत. दिवसभराचे काम आटोपून उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला काहीच उरत नसे. एक भुकेला, एक मद्यपान करून झिंगलेला. पौल संतापून लिहितो की हे तुमचे जेवण प्रभूचे भोजनच नव्हे. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असे तो म्हणतो, आणि मग त्या रात्रीची हकिगत सांगतो.

पंक्तिभेद म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. एकाच मांडवात कोणाला पाट-रांगोळी आणि कोणाला अंगणाच्या कडेला पत्रावळ, हे आपण शतकानुशतके पाहिले आहे. म्हणून करिंथचा हा प्रसंग आपल्याला युरोपातल्या पंडितांपेक्षा लवकर उमगायला हवा. प्रभुभोजनाचा पहिला लिखित शब्द पंक्तिभेदाविरुद्ध उच्चारला गेला. पुढच्या सगळ्या चर्चेत हे सूत्र हातचे सुटू नये, म्हणून त्याला मी या पुस्तकात पहिले स्थान दिले आहे.

पहिल्या दोन शतकांत हे सूत्र जागे होते. ‘डिडाखे’ नावाच्या अतिप्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेतल्या प्रार्थनेत डोंगरांवर विखुरलेल्या धान्याची एक भाकर व्हावी तशी मंडळी एक होवो, असे मागणे आहे. इ.स. ११२च्या सुमारास बिथिनियाचा रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट त्राजानला कळवले की हे लोक पहाटे जमतात आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन साधेच, निरुपद्रवी अन्न खातात. ही माहिती पक्की करण्यासाठी त्याने ज्या दोन स्त्रियांचा छळ केला त्या दासी होत्या आणि मंडळीत सेविकेचे पद सांभाळत होत्या. रोमन समाजात ज्यांना कसलाही मान नव्हता त्यांना या मेजाभोवती पद होते. इ.स. १५५च्या सुमारास जस्टिन मार्टर याने रोममधून रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. वाचन होते, उपदेश होतो, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस यांबद्दल आभार मानले जातात आणि लोक एका आवाजात ‘आमेन’ म्हणतात. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरपोच करतात. शेवटी वर्गणी जमते. ती अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे अशांसाठी खर्च होते. भाकरीचा वाटा आणि पैशाचा वाटा तिथे एकाच मेजावरून उचलला जात होता.

पुढे चर्चला राजाश्रय मिळाला, मोठाली मंदिरे उभी राहिली आणि लोक मेजापासून लांब गेले. मध्ययुगात सामान्य माणूस मिस्सा बघायला येई, घ्यायला क्वचितच. १२१५ साली चौथ्या लॅटेरन परिषदेला नियम करावा लागला की प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा, ईस्टरला तरी, ख्रिस्तप्रसाद घ्यावा. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या परिषदेने प्याला फक्त धर्मगुरूंसाठी राखला. त्याच परिषदेने प्रागचा धर्मसुधारक यान हुस याला जिवंत जाळले आणि त्याच्या अनुयायांनी प्याला हेच आपले निशाण केले. धर्मगुरू आणि प्रजा यांच्यातली ती पंक्तिभेदाची रेघ पुसण्यासाठी बोहेमियात रक्त सांडले.

भाकर आणि द्राक्षारस यांचे नेमके काय होते, या वादाची सविस्तर मांडणी दोन प्रकरणांत आहे. इथे तोंडओळख पुरे. कॅथलिक श्रद्धा अशी की रूप, रंग आणि चव तीच राहते, पण भाकर व द्राक्षारस यांचे सत्त्व पालटून ते ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते. १५५१ साली ट्रेन्टच्या परिषदेने हे ठामपणे मांडले. सोळाव्या शतकातल्या सुधारकांपैकी लूथरला ख्रिस्ताची खरी उपस्थिती मान्य होती, मात्र भाकर भाकरही राहते असे त्याचे म्हणणे. झ्विंग्लीच्या मते भाकर ही आठवणीची खूण. कॅल्व्हिनने मधली वाट काढली: ख्रिस्त खरोखर मिळतो, पण पवित्र आत्म्याच्या द्वारे आणि विश्वासाने. १५२९ साली मारबर्गच्या किल्ल्यात लूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. आपले म्हणणे ढळू नये म्हणून लूथरने ‘हे माझे शरीर आहे’ हे येशूचे वाक्य मेजावर खडूने लिहून ठेवले होते असे सांगतात. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले. पंधरावे प्रभुभोजनाचे. त्यावर तडजोड झाली नाही, आणि प्रॉटेस्टंट चळवळ दुभंगली ती दुभंगलीच. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेने मात्र हे गूढ आहे असे मानून त्याची फोड करण्याचा फारसा हव्यास धरला नाही. त्यांच्याकडे भाकर खमिराची असते आणि ती द्राक्षारसात घालून चमच्याने देण्याची पद्धत आहे.

हे सगळे महाराष्ट्रात कसे दिसते? वसईच्या देवळांत मिस्सा रोज होते. लोक रांगेने वेदीपुढे येतात, फादर पातळ, गोल, बेखमीर भाकर हातावर किंवा जिभेवर ठेवतात, घेणारा ‘आमेन’ म्हणतो. पहिला ख्रिस्तप्रसाद घेण्याचे वय दहावे पायस या पोपनी १९१० साली सातव्या वर्षाच्या आसपास आणले. तेव्हापासून पांढऱ्या कपड्यांतली ही मुले म्हणजे कॅथलिक घरातला मोठा सोहळा असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली आणि मराठी माणसाला वेदीवरचा प्रत्येक शब्द आपल्या कानांनी कळू लागला. खरे तर ख्रिस्तकथा मराठीत सांगण्याचा उद्योग त्याच्या साडेतीनशे वर्षे आधीच झाला होता. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली राचोल इथे छापले गेले.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या परिसरातल्या मंडळ्यांत चित्र वेगळे. तिथे प्रभुभोजन बहुधा महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी. आदल्या संध्याकाळी कोणी वडीलधारी बाई पावाच्या कडा काढून त्याचे बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे करते आणि स्वच्छ रुमालाखाली झाकून ठेवते. द्राक्षारस म्हणजे पुष्कळदा न आंबवलेला रस. कुठे विकतचा, कुठे काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून काढलेला. तो काचेच्या किंवा स्टीलच्या इवल्या पेल्यांतून ट्रेमध्ये मांडतात. पाळकसाहेब स्थापनेची वचने वाचतात, मंडळीतले वडील ओळीओळीने ट्रे फिरवतात, आणि सगळ्यांना मिळेपर्यंत लोक तुकडा हातात धरून थांबतात. मग सगळे एकदम खातात. एकाच वेळी खाण्याचा हा आचार मला फार मोलाचा वाटतो. करिंथला नेमके हेच होत नव्हते.

या आचाराची किंमत कळायची असेल तर एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राकडे पाहावे. १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत परमहंस सभा काढली. तिच्यात येणाऱ्याला जातिभेद सोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. हे सगळे गुप्तपणे चाले. १८६०मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली आणि बोभाटा होईल या धास्तीने सभा मोडली. पुढे ख्रिस्ती झालेले बाबा पदमनजी याच सभेत वावरले होते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी बाजूला सारली. गोपाळराव जोशींनी नावे छापून आणली आणि न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांमागे प्रायश्चित्ताचे लचांड लागले. मिशनच्या आवारातला कपभर चहा ज्या समाजाला पेलला नाही, त्याच समाजातून आलेली माणसे त्याच आवारातल्या चर्चमध्ये गुडघे टेकून एकाच प्याल्याला ओठ लावत होती. ते केवढे धाडस होते, याची कल्पना आज करता येणे कठीण आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची हकिगत या दृष्टीने वाचावी. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५मधला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याबरोबर राहू लागल्या, पण आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल त्यांनी वेगळी ठेवली. जात माणसानेच केली असे मनाशी पटल्यावर त्यांनी ते बंधन सोडले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. आधी पंगत बदलली आणि मग धर्म. महाराष्ट्रात ख्रिस्ती होणाऱ्या पुष्कळांना मेजाच्या प्रश्नाला असेच तोंड द्यावे लागले. महार आणि मांग समाजांतून आलेल्यांना तर तो दुहेरी होता. वरच्या जाती त्यांना पंगतीला घेत नव्हत्या, आणि हे दोन समाज एकमेकांच्याही हातचे खात नव्हते. एका ताटातला तुकडा उचलणे ही त्यांच्यासाठी ईश्वरविषयक शिकवणीइतकीच मोठी उडी होती.

पण जात चर्चच्या दाराबाहेर चपलांसारखी निघून राहिली, असे म्हणणे खोटे ठरेल. तमिळनाडूत वडक्कनकुळम इथल्या कॅथलिक देवळात दोन जातींसाठी दोन स्वतंत्र दालने आणि मध्ये भिंत होती. वेदी एक, ख्रिस्त एक, आणि भिंत पक्की. ती १९१०मध्ये पाडली गेली. बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली दक्षिणेतल्या अँग्लिकन मंडळ्यांना जातिभेद तत्काळ सोडा असे पत्र लिहिले, तेव्हा अनेक उच्चवर्णीय कुटुंबे चर्च सोडून गेली. करिंथचा रोग इथेही होता, फक्त त्याचे नाव वेगळे होते.

उलट दिशेचीही एक घटना महाराष्ट्राच्या खाती जमा आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. त्यात अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल वारशाच्या मराठी मंडळ्या होत्या. कोणी गुडघे टेकून घेणारे, कोणी बसून. कोणी एक प्याला मानणारे, कोणी लहान पेले. ज्या देशांतून हे पंथ आले तिथे ते आजही बव्हंशी वेगळे आहेत. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचे मेज मात्र अजून एक झालेले नाही. मिश्र विवाहाच्या कुटुंबात नवरा-बायको एकाच उपासनेला जातात आणि त्यांतला एक जण भाकरीच्या वेळी जागेवर बसून राहतो. या दुःखाला सोपे उत्तर नाही. दोन्ही बाजूंच्या भूमिका मी शक्य तितक्या न्यायाने मांडल्या आहेत.

आणखी एका गैरसमजाविषयी एक प्रकरण मुद्दाम लिहिले आहे. अयोग्य रीतीने भाकर खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, अशा अर्थाचे पौलाचे वाक्य आहे. ते ऐकून मंडळीतली कितीतरी भाविक माणसे, विशेषतः म्हातारी माणसे, आपण पापी आहोत म्हणून महिनोन् महिने भोजनाला बसत नाहीत. वाक्य जिथे आहे तिथे ठेवून वाचले तर अर्थ उलगडतो. पौलाचा रोख भुकेल्या भावाला डावलून जेवणाऱ्यावर आहे. मंडळी हेच ख्रिस्ताचे शरीर आहे हे ज्याला ओळखता आले नाही, तो अयोग्य रीतीने खातो. रडणाऱ्या, कोसळलेल्या, पश्चात्तापाने खचलेल्या माणसासाठीच तर हे मेज मांडलेले आहे. आत्मपरीक्षण हवेच, पण त्यातला पहिला प्रश्न ‘मी किती शुद्ध?’ हा नसून ‘माझ्यामुळे कोण उपाशी राहिले?’ हा आहे. भोजनाआधी भांडण मिटवण्याची जी जुनी चाल आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत होती, तिच्यात हा अर्थ शाबूत होता. ती चाल पुन्हा धरावी असे मला मनापासून वाटते.

पुस्तकाची रचना सरळ आहे. पहिल्या भागात पवित्र शास्त्रातले आधार, दुसऱ्यात चर्चच्या इतिहासातले वाद, तिसऱ्यात विधीचे वर्णन, चौथ्यात महाराष्ट्र. २०२०च्या साथीत चर्च बंद झाली आणि घरी मोबाइलसमोर बसून प्रभुभोजन घेता येते का, हा प्रश्न उभा राहिला. त्याचा विचार शेवटच्या प्रकरणात आहे. काही मंडळ्यांनी होकार दिला, काहींनी नकार. एकत्र असणे म्हणजे काय, हे त्या निमित्ताने सगळ्यांनाच नव्याने तपासावे लागले. ख्रिस्तेतर वाचकाने चौथ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. परिचयाची माणसे, परिचयाची गावे तिथे भेटतील.

ख्रिस्ती वाचकाला मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. भाकरीचे सत्त्व पालटते की नाही, हा वाद आपल्या हयातीत मिटेल असे दिसत नाही, आणि तो मिटवणे तुमच्या-माझ्या हाती नाही. पण रविवारी ज्याच्या शेजारी बसून आपण तो तुकडा खातो, त्याच्या घरी मुलगी द्यायची वेळ आली की ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न आजही आपल्या घरांत विचारला जातो. तो विचारायचा की नाही, हे पूर्णपणे आपल्याच हाती आहे. तो थांबवण्यासाठी ना परिषद भरवावी लागते, ना धर्मपंडित बोलवावे लागतात. ज्या घरात तो प्रश्न विचारला जाणार नाही, तिथे या पुस्तकातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण न वाचताही कळलेले असेल.